नदीच्या खोऱ्यात शेतातून येणारं नत्र-स्फुरद (नायट्रोजन-फॉस्फरस) मोजायची सगळ्यात चांगली पद्धत कोणती?

तुम्ही विचारलंय की महिन्याला एक नमुना घेणं, ऑटोसॅम्पलर (आपोआप बाटल्या भरणारं यंत्र) लावणं, सेन्सर बसवणं आणि स्वॉटसारखं (खोऱ्यातलं पाणी, गाळ, खत कसं वाहतं ते संगणकावर काढणारं) मॉडेल चालवणं, यातलं प्रोजेक्टसाठी काय धरावं. सरळ सांगतो, चढत्या पुराच्या पाण्याचा नमुना ज्यात नाही ती कुठलीही पद्धत स्फुरदासाठी चूक आहे, मग ती कितीही महाग असो. पद्धतींची तुलना त्यानंतर. एवढं ठासून सांगतोय कारण ह्याच मुद्द्यावर माझं एका प्रोजेक्टमध्ये मोठं भांडण झालंय आणि माझं म्हणणं तेव्हाही बरोबर होतं, आजही आहे.

माझं गाव करवीर तालुक्यात, घरचा ऊस. काही वर्षांपूर्वी पंचगंगेच्या खोऱ्यावर एक अभ्यास चालू होता, नमुने गोळा करायचं काम माझ्याकडे. आराखडा असा की महिन्यातून एकदा गाडी निघणार, प्रयाग चिखलीपासून खाली नरसोबाच्या वाडीपर्यंत ठरलेल्या जागी बादली सोडायची, बाटल्या भरायच्या, संध्याकाळच्या आत लॅबला द्यायच्या. पावसाळ्यात पाणी पुलाला लागलं की सेफ्टीचं कारण देऊन तो महिना सोडून द्यायचा. म्हणजे ज्या दिवसांत शेतातली माती नदीत जाते नेमके तेच दिवस वहीतून गायब. मी पहिल्याच मीटिंगला म्हटलं की सर, हे उलटं होतंय. सर म्हणाले मॉडेल भरून काढतं.

आता ज्याच्या घरी ऊस आहे त्याला हे पटणार नाही. सुरू उसाची भरणी मे-जूनला होते, युरिया मातीआड होतो न होतो तोवर पाऊस येतो. आडसाली लागण तर जुलै-ऑगस्टमध्येच, शिफारस हेक्टरी ४००:१७०:१७० किलो नत्र, स्फुरद, पालाश, आणि शिफारशीवर थांबणारी माणसं आमच्याकडे कमी आहेत. स्फुरदाचा मोठा हप्ता लागणीलाच जातो. म्हणजे जमिनीत खत सगळ्यात जास्त असतं तेव्हाच आभाळ फाटलेलं असतं. आणि आपण नमुना कधी घेणार, तर ऊन पडल्यावर, सकाळी अकरा वाजता, नदी शांत झाल्यावर!

म्हणून मी स्वतःच एक ओढा धरला. दोन्ही बाजूला ऊसच ऊस, वर गाव नाही की कारखाना नाही, त्यामुळे सांडपाण्याची भानगड नाही. जुलैत एका संध्याकाळी पाऊस असा लागला की मी थर्माकोलच्या खोक्यात बर्फ भरला, बाटल्या घेतल्या आणि मोटरसायकलवरून ओढ्यावरच्या फरशी पुलाशी गेलो. पुलावर उतरलो नाही, काठावरच्या उंचवट्यावरून दोरीनं बादली टाकत होतो. पहिल्या तासात पाणी नुसतं गढूळ, मग लाल, मग इतकं दाट की बादली ओढताना वजन कळत होतं. दर थोड्या वेळानं बाटली, प्रत्येक बाटलीवर वेळ आणि पुलाच्या खांबावर रंगवलेल्या पट्टीवरची पातळी. ऑर्थोफॉस्फेटसाठी, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या स्फुरदासाठी, तिथंच बॅटरीच्या उजेडात ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं, कारण गाळलं नाही तर लॅबला पोचेपर्यंत स्फुरद मातीला चिकटतो किंवा सुटतो आणि आकडा बदलतो. गाळानं फिल्टर सारखा बुजायचा, की नवीन लावायचा.

शेजारच्या रानातले एक काका डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन बांध बघायला आले होते. त्यांनी विचारलं एवढ्या पावसात काय करतोस रे, मी सांगितलं काका, पाण्यातून किती खत चाललंय ते मोजतोय. ते बराच वेळ ओढ्याकडं बघत उभे राहिले आणि म्हणाले, परवाच डोस टाकलाय, उधारीवर आणलेला. मग माझ्या हातातली बॅटरी त्यांनी धरली आणि पाऊस ओसरेपर्यंत धरून ठेवली. त्या माणसाला दोन मिनिटांत जे कळलं ते मला मीटिंगमध्ये वर्षभर समजावता आलं नाही.

रिझल्ट आले ते असे. पाणी चढताना टोटल फॉस्फरस (विरघळलेला आणि मातीला चिकटलेला मिळून सगळा स्फुरद) आमच्या महिन्याच्या नमुन्यांच्या कित्येक पट, आणि त्यातला बराचसा मातीच्या कणांना चिकटलेला, गाळलेल्या पाण्यात त्यामानानं थोडा. आमच्या पश्चिम भागातली लाल जांभी माती लोह आणि ॲल्युमिनियमनं भरलेली असते, ती स्फुरद धरून ठेवते, म्हणून तो विरघळून कमी आणि गाळाबरोबर जास्त जातो. नायट्रेटचं, म्हणजे पाण्यात विरघळून जाणाऱ्या नत्राचं, बरोबर उलटं. पुराच्या शिखराला पावसाच्या पाण्यानं ते पातळ झालं आणि पाणी उतरायला लागल्यावर, जमिनीतून मुरून पाझर यायला लागला तेव्हा चढलं. म्हणजे एका रात्रीत एकाच ओढ्यात दोन पोषकद्रव्यं दोन वेगळ्या वाटांनी आली. महिन्याच्या एका बाटलीत हे कसं दिसणार?

मी आलेख घेऊन गेलो. सरांनी बघितलं आणि म्हणाले, हे आउटलायर (बाकीच्यांत न बसणारे आकडे) आहेत, रिग्रेशन (आकड्यांतून काढलेली रेषा) बिघडवतायत, काढून टाका. काढले. अहवालात वाक्य आलं की स्फुरदाच्या भारात (नदीतून जाणाऱ्या एकूण वजनात) शेतीचा वाटा किरकोळ. ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही माझ्या, कारण त्याच्या जोरावर बैठकांमध्ये सांगितलं गेलं की शेताकडं बघायची गरज नाही.

आता तुमचे पर्याय.

भार म्हणजे तीव्रता गुणिले प्रवाह. १ क्युमेक (सेकंदाला एक घनमीटर) प्रवाहात लिटरला १ मिलिग्रॅम असेल तर दिवसाला ८६.४ किलो जातात. आता उन्हाळ्यात नदी २ क्युमेक वाहते आणि पुरात ८०० क्युमेक असं धरा, तीव्रता तीच ठेवली तरी पुराचा एक दिवस उन्हाळ्याच्या ४०० दिवसांइतका. आणि स्फुरदाची तीव्रता तीच राहत नाही, वाढते. एवढ्या गणितावरच महिन्याच्या नमुन्याचा निकाल लागतो. प्रदूषण मंडळांचा महिन्याचा डेटा, पाणी पिण्यालायक आहे का, बीओडी (सेंद्रिय घाणीचं माप) किती, कल काय, यासाठी ठीक आहे, तो वर्षाचा भार काढायला बनवलेलाच नाही.

ऑटोसॅम्पलर चांगला, पण तो वेळेवर नको, प्रवाहावर चालवा, म्हणजे ठरावीक पाणी गेलं की एक बाटली. बाटल्या आत तशाच पडून राहिल्या तर ऑर्थोफॉस्फेट आणि अमोनियाचा भरवसा धरू नका, टोटल फॉस्फरस चालतो. नळी काठाला नको, वाहत्या धारेत. आणि यंत्र चोरीला जाणार नाही अशी जागा गावातल्या माणसाशी बोलून ठरवा.

सेन्सरमध्ये नायट्रेटचा यूव्ही सेन्सर खरोखर भारी आहे, पंधरा-पंधरा मिनिटांला आकडा मिळतो. पण आपल्या पुराच्या गाळात त्याची काच माखते, वायपर असला तरी दर आठवड्याला जाऊन पुसावं लागतं आणि लॅबच्या आकड्याशी जुळवावं लागतं. स्फुरदाचा असा थेट सेन्सर नाही, काठावर छोटी लॅबच उभी करावी लागते. आयर्लंडमध्ये टीगास्क ह्या शेती संशोधन संस्थेनं २००८ मध्ये सुरू केलेल्या कार्यक्रमात छोट्या पाणलोटांत तशी यंत्रं चालवलीत. आपल्याकडं स्वस्तातला मार्ग म्हणजे टर्बिडिटी मीटर सतत चालू ठेवायचा आणि पुराच्या नमुन्यांवरून गढूळपणा आणि टोटल फॉस्फरसचं नातं बसवायचं. इथंही पुराचे नमुने लागलेच, बघा.

एक्सपोर्ट कोएफिशियंट, म्हणजे अमुक पिकाच्या हेक्टरमागं अमुक किलो असं गुणत जाणं. पहिला अंदाज म्हणून करा. पण ते गुणांक बहुतेक इंग्लंड-अमेरिकेतल्या गव्हा-मक्याच्या आणि कुरणांच्या शेतांवरून आलेत, सरीत पाटानं पाणी पिणाऱ्या उसाला ते लावून उत्तर मिळालं असं म्हणू नका.

स्वॉट मी वाईट म्हणत नाही. ठिबक केलं तर काय, बांधावर गवताचे पट्टे लावले तर काय, असले प्रश्न मॉडेललाच विचारावे लागतात. पण ते मोजत नाही. महिन्याच्या नमुन्यांवर कॅलिब्रेट केलं (त्या आकड्यांशी जुळवून बसवलं) की तीच चूक ते सगळ्या खोऱ्यावर पसरवतं आणि वर रंगीत नकाशा देतं. मॉडेल भरून काढतं म्हणणाऱ्याला विचारा, कशावरून भरतं?

पंचगंगेत अजून दोन खोड्या आहेत, तुमच्या नदीतही असतील. एक, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की प्रवाह वाढतो पण ते धरणाचं पाणी असतं, शेतावरून आलेलं नसतं. एका दरवाज्यातून १४२८ क्युसेक (सेकंदाला इतके घनफूट). हे वेगळं काढलं नाही तर तीव्रता-प्रवाहाचा आलेख भलतंच सांगतो. दोन, कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी सगळ्यांना तोंडपाठ, ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, पण पातळी म्हणजे प्रवाह नव्हे. बंधारा पाण्याखाली गेला आणि खालून कृष्णेची फूग आली (कृष्णा भरल्यानं पंचगंगेचं पाणी मागं तुंबलं) की तीच पातळी असताना प्रवाह निम्माही असू शकतो. प्रवाह चुकला की केमिस्ट्री कितीही अचूक करा, भार चुकतो. शिवाय केटी (कोल्हापूर पद्धतीच्या) बंधाऱ्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की मागं साठलेल्या पाण्यात गाळ बसतो, केंदाळ माजतं, आणि बरगे काढले की ते सगळं एकदम खाली जातं. तो त्या आठवड्यातल्या शेतातून आलेला भार नाही.

आता काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. नुसतं नायट्रेट बघायचं असेल आणि खोरं सपाट काळ्या जमिनीचं असेल तर पंधरवड्याचे नमुनेही बऱ्यापैकी चालतात, कारण ते भूजलातून सावकाश येतं. शिरोळकडं क्षारपड सुधारायला जमिनीखाली निचऱ्याचे पाइप टाकलेत, त्यांच्या तोंडाला बाटली लावून घड्याळ धरलं तर शेतातून किती नत्र निसटतं हे कुठल्याही मॉडेलपेक्षा स्वच्छ कळतं, फक्त शेतकऱ्याला विचारून. शहरांचं सांडपाणी मी नाकारत नाही, उन्हाळ्यात नदी आटली की फॉस्फेट चढतं ते बहुतांशी नाल्यांचं, तेव्हा क्लोराइडही मोजा, ते बरोबरीनं चढलं तर सांडपाण्याचा संशय पक्का होतो (शिरोळसारख्या क्षारपड भागात मात्र जमिनीतूनही क्लोराइड येतं). नायट्रोजनचे समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे हलके-जड अणू) शेण आणि युरिया वेगळे दाखवतात म्हणतात, पण खर्चिक आहे आणि मातीतल्या जिवाणूंनी खूण बदललेली असते, एकट्या त्याच्यावर निष्कर्ष काढू नका. बाटल्या साबणानं धुऊ नका, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लानं धुवा. आणि नायट्रेट लिहिताना नायट्रेट म्हणून की नायट्रोजन म्हणून ते लिहा, पिण्याच्या पाण्याची ४५ ची मर्यादा नायट्रेट म्हणून आहे, नायट्रोजन म्हणून ती १० च्या आसपास येते, ह्या एका घोळानं तुलनेची कितीतरी तक्ते वाया गेलेत. पुरात एकट्यानं जाऊ नका, पाण्यात उतरू नका, हे वेगळं सांगायला नको.

पाणलोट किती मोठं आहे ते आधी बघा. दहा-वीस चौरस किलोमीटरचा ओढा असेल तर पूर काही तासांत येऊन जातो, तिथं तासाला एक बाटली लागेल. पंचगंगेएवढी नदी असेल तर पूर दिवसेंदिवस राहतो, दिवसाला दोन पुरतात. बजेट थोडं असेल तर उन्हाळ्यातले नमुने निम्मे करा आणि ते पैसे जून-जुलैला ठेवा, पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांना. आणि तुमचे गाईड त्या बाटल्यांना आउटलायर म्हणाले तर काढू देऊ नका. हायड्रोग्राफ (वेळेनुसार प्रवाहाचा आलेख) आणि गढूळपणाच्या आलेखाखाली ते आकडे त्याच वेळेच्या अक्षावर मांडून दाखवा आणि विचारा की ह्यातला कुठला बिंदू पाण्याबरोबर चढला नाही ते सांगा.