प्रसिद्ध झालेला अर्ज म्हणजे मिळालेले पेटंट नव्हे

प्रश्न : महाविद्यालयाच्या वार्षिक अहवालासाठी प्राध्यापक व कर्मचाऱ्यांच्या यशाच्या नोंदी मी संकलित करतो. एका सहकाऱ्यांनी ‘पेटंट प्रकाशित’ असे कळवले आहे. ते ‘पेटंट मिळाले’ असे छापावे काय?

उत्तर : छापू नये. पेटंटचा अर्ज साधारणपणे १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. तोवर शोधाचे नावीन्य तपासून झालेलेच असते असे नाही, आणि पुढे परीक्षणात तो अर्ज फेटाळलाही जाऊ शकतो. म्हणून ‘अर्ज प्रसिद्ध’ एवढेच लिहून अर्ज क्रमांक व तारीख द्यावी. पुस्तकाच्या नोंदीत १३ अंकी आयएसबीएन द्यावा, मात्र तो केवळ ओळखक्रमांक आहे, दर्जाची पावती नव्हे. ग्रंथपाल आणि प्रयोगशाळा सहायक यांच्याकडे अशी माहिती बहुधा कोणी मागतच नाही. ती आपण स्वतः जाऊन मागावी.