वाचक विचारतात : रेडिओ कंट्रोल विमानाची सुरुवात

प्रश्न : मला पहिलं आरसी विमान घ्यायचं आहे. लढाऊ विमानाचं मॉडेल फार आवडलंय. त्यावरच शिकलं तर चालेल का?

नको. त्या मॉडेलचे पंख आखूड आणि वजन जास्त असतं. हवेत टिकायला ते वेगातच ठेवावं लागतं, आणि नवशिक्याला विचार करायला जेवढा वेळ लागतो तेवढा ते देत नाही. पहिलं विमान ‘हाय विंग ट्रेनर’च घ्या. त्याचा पंख धडाच्या वर बसवलेला असतो आणि दोन्ही टोकं किंचित वर उचललेली असतात. विमान एका बाजूला कललं तरी या ठेवणीमुळे, ट्रान्समीटरची (हातातल्या रिमोटची) स्टिक सोडल्यावर ते बरंचसं आपोआप सरळ होतं. पंखांची लांबी १.२ ते १.४ मीटर असावी. त्याहून लहान विमान वाऱ्यात भिरभिरतं आणि थोडं लांब गेलं की कोणत्या बाजूला वळतंय ते कळत नाही. साहित्य ईपीओ फोमचं (हलका, लवचिक फोम) घ्या, कारण तो तुटला तरी फोमला चालणाऱ्या गोंदाने पाच-दहा मिनिटांत जोडता येतो. बाल्सा लाकडाचं विमान दिसायला सुंदर असतं, पण ते दुसरं किंवा तिसरं असू द्या.

चॅनल, म्हणजे रिमोटवरून वेगवेगळी चालवता येणारी नियंत्रणं, चार हवीत : थ्रॉटल (मोटरचा वेग), एलेव्हेटर (शेपटीची आडवी पट्टी, नाक वर-खाली करते), रडर (शेपटीची उभी पट्टी, नाक डावी-उजवीकडे वळवते), एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या पट्ट्या, विमान कलवतात). तीन चॅनलचं विमान सोपं असतं, पण त्यात वळण रडरने घेतात. पुढे एलेरॉनवर जाताना हाताला नवी सवय लावावी लागते.

प्रश्न : हातातून सोडलं की विमान नाक वर करतं, क्षणभर थांबतं आणि एका पंखावर कोसळतं. मोटर बदलू का?

मोटरला हात लावू नका. ही लक्षणं बहुतेक वेळा शेपूट जड असल्याची असतात. नाक थोडं जड असलेलं विमान उडतं, फक्त सुस्त वाटतं. शेपूट जड असलेलं विमान मात्र सावरता येत नाही.

तोल असा तपासा. बॅटरीसकट सगळं जागेवर बसवा. पंखाची रुंदी, म्हणजे पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतचं अंतर, मोजा. मॅन्युअलमध्ये तोलाचा बिंदू दिला असेल तर तोच धरा. नसेल तर सरळ आयताकृती पंखावर पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर खूण करा. पंख २० सेंटिमीटर रुंद असेल तर खूण ५ ते ६ सेंटिमीटरवर येते. दोन्ही बाजूंना पंखाखाली याच खुणेवर बोटं टेकवून विमान उचला. नाक किंचित खाली झुकायला हवं. शेपूट खाली गेली तर आधी बॅटरी पुढे सरकवा. जागाच उरली नाही, तर नाकात शिशाचं वजन चिकटवा.

तोल बरोबर असूनही हेच घडत असेल, तर फेकण्याची पद्धत पाहा. बरेच जण विमान आकाशाकडे फेकतात. वाऱ्याच्या समोर उभं राहून, थ्रॉटल तीन-चतुर्थांश ठेवून, ते क्षितिजाच्या रेषेत सरळ, हलक्या जोराने सोडायचं असतं. उंची त्याला स्वतः घेऊ द्या. सोडल्यावर प्रत्येक वेळी डावीकडेच वळत असेल, तर मोटरचा कोन बघा. मोटर दोन-तीन अंश उजवीकडे आणि थोडी खाली वळवून बसवलेली असते, ती मुद्दाम. काही जण ती ‘वाकडी बसलीय’ म्हणून सरळ करतात आणि मग विमान डावीकडे कलू लागतं.

उड्डाणाआधी विमानाच्या मागे उभं राहून स्टिक फिरवून बघा. एलेरॉनची स्टिक उजवीकडे नेली की उजवा एलेरॉन वर आणि डावा खाली. एलेव्हेटरची स्टिक स्वतःकडे ओढली की शेपटीची पट्टी वर. उलटं हलत असेल तर ट्रान्समीटरमध्ये तो चॅनल ‘रिव्हर्स’ करा. प्रॉपेलर घट्ट आहे ना आणि त्यावरची अक्षरं विमानाच्या पुढच्या दिशेला आहेत ना, हेही बघा. उलटा बसलेला प्रॉपेलर फिरतो, आवाजही करतो, पण ओढ अर्धवटच देतो.

प्रश्न : विमान माझ्याकडे येऊ लागलं की डावं-उजवं उलटं होतं आणि मी गोंधळतो.

एकच नियम लक्षात ठेवा : समोरून येणाऱ्या विमानाचा तुम्हाला जो पंख खाली दिसतोय, स्टिक त्याच बाजूला न्या. पंख वर उचलला जाईल. हे हाताला बसेपर्यंत सिम्युलेटरवर (उड्डाणाच्या सरावाच्या संगणक प्रोग्रॅमवर) रोज वीस मिनिटं सराव करा, आणि तो स्वतःच्याच ट्रान्समीटरने.

प्रश्न : २२०० एमएएचची (मिलिअँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) थ्री-सेल (तीन सेलची) लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी किती मिनिटं चालते? आणि माझी एक बॅटरी फुगली आहे, ती वापरू का?

फुगलेली वापरू नका, चार्जही करू नका, ई-कचरा केंद्रात द्या. बॅटरी बहुधा पूर्ण चार्ज करून आठवडेच्या आठवडे ठेवल्याने किंवा पार रिकामी केल्याने फुगते. उड्डाण नसेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास, म्हणजे संपूर्ण बॅटरी सुमारे ११.४ व्होल्टवर ठेवा. पूर्ण चार्ज असते तेव्हा ती १२.६ व्होल्ट असते.

मिनिटं अंदाजाने ठरवू नका. पहिल्यांदा टायमर पाच मिनिटांवर लावा. उतरल्यावर चार्ज करताना किती एमएएच परत भरले ते पाहा. समजा ११०० भरले, म्हणजे मिनिटाला २२० खर्च झाले. वापरायची मर्यादा ८० टक्के, म्हणजे १७६०. भागाकार आठ मिनिटं येतो, पण टायमर सातवर लावा, कारण लँडिंगची पहिली फेरी चुकली तर दुसरीसाठी ताकद उरायला हवी. चार्जिंग बॅलन्स चार्जरवरच (सगळे सेल सारखे भरणारा चार्जर), २.२ अँपिअरने, न पेटणाऱ्या पृष्ठभागावर आणि तुम्ही शेजारी असताना करा.

प्रश्न : गायरो (विमान आपोआप स्थिर ठेवणारं उपकरण) असलेलं विमान घेतलं तर लवकर शिकता येईल का?

वाऱ्याच्या झटक्यांत त्याची मदत होते, म्हणून जरूर घ्या. मात्र तोल किंवा उलटा एलेरॉन तो दुरुस्त करत नाही. गायरोचीच दिशा उलटी बसली असेल तर तो विमान आणखी कलवतो. तपासायला विमान हातात धरून उजवीकडे झुकवा, गायरोने उजवा एलेरॉन खाली करायला हवा.