पोरी, आकडा खराच भर

पोरी, तुझा मेसेज रात्री वाचला, त्यावर दोन ओळी टाकून भागणार नाही म्हणून सविस्तरच लिहितोय. पायाभूत चाचणीचे (वर्षाच्या सुरुवातीला पोरांना काय येतं ते बघायच्या सरकारी परीक्षेचे) पेपर तपासून झालेत, तिसरीतल्या निम्म्याहून जास्त पोरांना साधा परिच्छेद वाचता येत नाही, आणि सोबतचे सिनिअर म्हणतायत की मार्क जरा बघून भर, नाहीतर खुलासा मागतील, त्यात तुझी शिक्षणसेवकाची तीन वर्षं अजून पूर्ण व्हायचीत. तुझी भीती मला कळते. तरी माझं उत्तर एकच आहे, जे आहे तेच भर.

का ते सांगतो. तू आज बहुतेक पोरं वाचतात असं सरकारच्या ऑनलाइन लिंकवर भरलंस की त्या पोरांचा प्रश्न कागदावर संपला. मग त्यांना जादा वेळ कोण देणार, पुस्तकं कोण मागणार, रिकाम्या जागेवर शिक्षक द्या म्हणून कोण बोलणार? आणि आता पूर्वीसारखं आठवीपर्यंत ढकललं असंही राहिलेलं नाही, पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे, नापास झालं तर फेरपरीक्षा, तिथंही अडकलं तर पोरगं त्याच वर्गात. म्हणजे तिसरीत आपण खोटं भरायचं आणि त्याची शिक्षा दोन वर्षांनी त्या लेकरानं भोगायची. खोटा आकडा भरला की शिक्षकही सुटतो आणि सरकारही सुटतं, अडकतं फक्त पोरगं.

निकालावरून शाळेची किंमत करायची ही गोष्ट काय आजची नाही. इंग्लंडात १८६२ पासून पोरांच्या परीक्षेच्या निकालावर शाळेला पैसे मिळायचे आणि तीच पद्धत पुढं इकडंही आली. महात्मा फुल्यांनी (त्यांच्या घराण्याचं मूळ गाव आपल्या खटाव तालुक्यातलं कटगुण) १८८२ साली इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगाला निवेदन दिलं, त्यात त्यांनी स्पष्ट म्हटलंय की निकालावर पैसे द्यायची पद्धत गरीब, अडाणी लोकांत शिक्षण पसरवायला उपयोगाची नाही, तिथं सरकारी शाळाच पाहिजेत. पण त्याच निवेदनात तपासणीबद्दल ते किती कडक आहेत बघ, वर्षातून एकदा डेप्युटी (शाळा तपासणारा अधिकारी) येऊन जातो त्यानं काही होत नाही, निदान तीन महिन्यांनी तपासणी व्हावी आणि मधूनमधून न कळवता यावं असं त्यांचं म्हणणं. तपासणी हवी, पण पोराच्या मार्कावर शाळेचं पोट बांधू नका. मला तर आजही याच्यापेक्षा शहाणपणाचं धोरण दिसत नाही.

अमेरिकेनं उलटं करून बघितलं. २००२ साली कायदा झाला, २०१४ पर्यंत सगळीच्या सगळी पोरं ठरलेल्या पातळीला आली पाहिजेत, नाहीतर शाळेवर कारवाई. २०११ च्या चौकशीत एकट्या अटलांटा शहरात ४४ शाळांत गैरप्रकार निघाले, १७८ शिक्षक आणि मुख्याध्यापकांची नावं अहवालात आली, पोरांची चुकलेली उत्तरं खोडून बरोबर केलेली. २०१५ ला तो कायदाच बदलावा लागला. तुला जो सल्ला मिळालाय ना, त्याची वाट शेवटी तिकडंच जाते.

आता तुझ्या वर्गाकडं येऊ. चाचणीचे मार्क भरायचे तेवढे भर, पण तुझी स्वतःची एक वही ठेव आणि एकेका पोराला जवळ बसवून वाचायला लाव. पाठातला उतारा देऊ नको. पोरगं घडाघडा वाचतं आणि आपल्याला वाटतं आलं याला, पण त्याचं बोट बघ, तोंड तिसऱ्या ओळीवर आणि बोट अजून पहिल्याच ओळीवर असतं, म्हणजे पाठ केलंय. मधलाच एखादा शब्द दाखवून विचार, लगेच कळतं. गणिताचंही तेच, ४२ वजा १७ बरोबर ३५ लिहिलंय तर नुसती फुली मारू नको. त्यानं सातातनं दोन वजा केलेत, मोठ्यातनं लहान जातं एवढंच त्याला माहितीय, हातचा म्हणजे काय ते कळलेलं नाही. त्याला वजाबाक्या वाढवून देऊन उपयोग नाही, काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवायला पाहिजेत. चाचणीत हे सगळं एका शून्यात जातं, पण शिकवायला खरा उपयोग याचाच असतो.

तुझी शाळा जतच्या पूर्वेला, म्हणजे बऱ्याच घरांत कन्नड बोलतात. कोणाच्या घरात काय बोलतात हे नावापुढं लिहून ठेव, कारण अक्षर न ओळखणारं पोर आणि अक्षर ओळखून मराठी शब्द न कळणारं पोर यांना मार्क सारखेच पडतात. तसंच ऊसतोडीचं. दिवाळीच्या आसपास आईबापाबरोबर पोरं कृष्णाकाठच्या फडावर जातात, मग चाचणीला जी हजर तेवढ्यांचीच सरासरी निघते आणि शाळा बरी दिसते. परखचं (पोरांना काय येतं ते बघणारं केंद्राचं) सर्वेक्षण २०२४ ला ४ डिसेंबरला झालं, भर हंगामात. त्यामुळं गैरहजर पोरांची नोंद तुझ्या वहीत वेगळी पाहिजेच.

आणि शाळा व्यवस्थापन समिती. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, कलम २१ नुसार तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका. बऱ्याच ठिकाणी इतिवृत्ताचं रजिस्टर घरोघर फिरवून सह्या घेतात, तसं तुझ्याकडं होऊ देऊ नको, मुख्याध्यापकांना आदरानं पण ठाम सांग. आयांना बोलव, त्यांच्या कामाच्या वेळा सांभाळून, संध्याकाळी घे पाहिजे तर. पोरांची नावं न घेता किती वाचतात किती नाही ते सांग आणि दिवाळीपर्यंत तू काय करणार तेही सांग, म्हणजे जाब विचारायचा हक्क तू त्यांना देतेस. मग त्यांनीही वर जाब विचारावा. मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त जागा रिकाम्या ठेवायच्या नाहीत हे कलम २६ मध्ये आहे, जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला बाकीची कामं लावायची नाहीत हे कलम २७ मध्ये. समितीचा ठराव करून पाठवा आणि पोचपावती घ्या. खुलासा मागितलाच तर ही वही आणि हा ठराव जोडायचा. खरा आकडा सोबत असला की खुलासा लिहायला हात कापत नाही.

या आठवड्यात एवढं कर, फडावर जाणाऱ्या पोरांची यादी काढ, त्यांचं वाचन सगळ्यात आधी घे आणि शिक्षण हमी कार्डाचं (बाहेरगावी गेलेल्या पोराला तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून देतात ते) मुख्याध्यापकांशी आत्ताच बोलून ठेव. यादीत कोण कुठं अडकलंय ते पण लिही आणि मला फोटो टाक, रविवारी फोनवर बसून एकेकाचं बघू.