जळगावात अकरावीच्या मुलांना पर्यावरणातल्या नोकऱ्या प्रत्यक्ष दाखवायच्या आहेत. इंटर्नशिप कुठे आणि किती दिवसांची ठेवावी?

सोमवार ते शुक्रवार, पूर्ण पाच दिवस. दोन दिवसांत फक्त सेल्फी होतात. सांडपाणी प्रक्रिया केंद्र सगळ्यात बरं. आत येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचे नमुने सोमवारीच लावा, कारण बीओडी चाचणी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात ते मोजणारी) २७ अंश सेल्सिअसवर ३ दिवस चालते. आकडा गुरुवारी हाती येतो, शुक्रवार चर्चेला उरतो. मधल्या दिवशी टाकीतलं गाळमिश्रित पाणी १ लिटरच्या सिलिंडरमध्ये ३० मिनिटं स्थिर ठेवून किती मिली गाळ बसला ते मुलांनीच लिहावं. गटात चारच जण. क्लोरीनच्या खोलीत अजिबात नाही. अठराखालच्यांना धोकादायक कामाची कायद्यानेच मनाई आहे. वनखातं दाखवायचं तर यावल अभयारण्य, पण दिवाळीच्या सुट्टीत. मे महिन्यातल्या खान्देशी उन्हात मुलं झाडं ओळखत नाहीत, सावली शोधतात!