कंट्रोलसमोर लाल डेक: तुझा चौथा टर्न परत बघू

तुझा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा: 'मॅजिक: द गॅदरिंग' हा पत्त्यांचा खेळ, त्यातला पायोनियर फॉरमॅट (ठरावीक संचांचीच कार्डं चालणारा प्रकार), तुझा झटपट मारणारा एकरंगी लाल डेक, वाशीला रविवारच्या खेळात दर वेळी त्याच पांढऱ्या-निळ्या कंट्रोलवाल्याशी (समोरच्याची कार्डं अडवत, साफ करत सावकाश जिंकणारा डेक) गाठ. चार रविवार, चार मॅच, चारही हरलास. आणि आता विचारतोयस की डेकच बदलू का, की 'कॅव्हर्न ऑफ सोल्स' हे कार्ड विकत घेऊ.

डेक बदलू नकोस. कॅव्हर्नचं शेवटी सांगतो.

आधी एक कबुली. तो पांढरा-निळा डेक मी स्वतः तीन वर्षं खेळलोय. नौपाड्यातून निघून ठाणे स्टेशनवर वाशीची लोकल पकडायची आणि अर्धा तास मनातल्या मनात लँड (मना, म्हणजे बाकीची कार्डं टाकायची शक्ती, देणारी कार्डं) मोजत जायचं, हा माझा रविवार होता. त्यामुळे त्या बाजूला बसल्यावर काय वाटतं ते मला माहीत आहे. तुला वाटतं तो थंड डोक्याने बसलाय, हातात सगळ्याची उत्तरं आहेत. तसं काही नसतं. समोर लाल डेक असला की चौथी लँड पडेपर्यंत पोटात गोळा असतो. आणि समोरचा एकेक करून सगळी कार्डं टेबलावर उतरवायला लागला की मनात लाडू फुटतात, कारण हातातलं एक 'सुप्रीम व्हर्डिक्ट' (टेबलावरची सगळी क्रीचर, म्हणजे लढणारी कार्डं, मारणारं चार मनाचं कार्ड) चार कार्डांची किंमत वसूल करणार असतं.

आता तुझा तिसरा गेम. तू सगळं नीट लिहिलंयस म्हणून पत्ते मांडून बघता आलं. पहिली चाल तुझी. तुझ्या चौथ्या टर्नला तुझ्याकडे तीन माउंटन आणि एक म्युटाव्हॉल्ट, चारही लँड. टेबलावर मोनॅस्टरी स्विफ्टस्पिअर, सोल-स्कार मेज आणि आयडोलॉन ऑफ द ग्रेट रेव्हेल ही तीन क्रीचर (मारा १, १ आणि २). हातात बोनक्रशर जायंट (तीन मनाचं क्रीचर) आणि एक माउंटन. त्याच्याकडे तीन लँड, तिन्ही उघड्या, एकही क्रीचर नाही, लाइफ १२.

तू काय केलंस? तिन्ही माउंटन टॅप करून (आडव्या करून त्यांचा मना वापरून) जायंट उतरवला, मग तिघांनी हल्ला, ४ डॅमेज, तो ८ वर. त्याने चौथी लँड टाकली, व्हर्डिक्ट, टेबल साफ. तुझ्या हातात एक माउंटन. तिथेच गेम संपला, पुढची वीस मिनिटं नुसती औपचारिकता.

आता तीच पानं दुसऱ्या पद्धतीने खेळू. एक माउंटन टॅप करून म्युटाव्हॉल्ट जागा कर, तो त्या टर्नपुरता २/२ क्रीचर झाला (मारा २, सहनशक्ती २). चौघांनी हल्ला: १, १, २, २. ब्लॉक करायला कोणी नाही. मग उरलेल्या दोन माउंटनवर जायंटचा स्टॉम्प (त्याच कार्डावरचा दुसरा पर्याय, २ डॅमेज देणारा) थेट त्याच्या तोंडावर. स्टॉम्प इन्स्टंट आहे (कधीही टाकता येतं, क्रीचर नव्हे), म्हणून स्विफ्टस्पिअर आणि मेज दोघांचं प्रॉवेस (क्रीचर नसलेलं कार्ड टाकलं की वाढायची क्षमता) चालतं, दोघंही एकेकाने वाढतात. हल्ल्याचे ६ होते ते ८ झाले.

इथे खरी गंमत. त्याने स्टॉम्प जाऊ दिला तर ८ आणि २, असे १० डॅमेज. आणि त्याने 'नो मोअर लाइज' टाकून तो अडवला तर? प्रॉवेस कार्ड टाकल्याबरोबर चालतं, ते अडवून परत जात नाही. शिवाय तीन किंवा कमी मनाचं कार्ड टाकणाऱ्याला आयडोलॉन २ डॅमेज देतो, आणि नो मोअर लाइज दोन मनाचं, म्हणजे ते त्यालाच बसणार. पुन्हा १०. काहीही केलं तरी तो २ वर. ('ॲब्सॉर्ब' हे अडवणारं दुसरं कार्ड असतं तर ३ लाइफ परत मिळवून ५ वर राहिला असता, तेवढी एक पळवाट.) स्टॉम्पपायी आयडोलॉन तुलाही २ देतो, पण समोर हल्ला करणारं कोणी नसताना तुझं लाइफ खर्चायलाच असतं.

आता टाकू दे त्याला व्हर्डिक्ट. चारही लँड टॅप, तुझी तीन क्रीचर गेली. म्युटाव्हॉल्ट मात्र त्याच्या टर्नला नुसती लँड असतो, आणि व्हर्डिक्ट सॉर्सरी आहे, तुझ्या टर्नला येऊच शकत नाही. तुझा पाचवा टर्न: म्युटाव्हॉल्ट जागा कर, २ डॅमेज. संपला.

तुझ्या प्रश्नात 'त्याच्याकडे नेहमी व्हर्डिक्ट असतंच' असं वाक्य आहे. असेलही. पण या गेममध्ये ते असूनही तू जिंकत होतास.

म्हणून कंट्रोलसमोर तिसऱ्या-चौथ्या टर्नपासून कार्ड उतरवण्याआधी मी मनाशी एवढंच विचारतो: आत्ता सगळं साफ झालं तर पुढच्या टर्नला माझ्याकडे हल्ला करायला काय उरेल? उत्तर 'काही नाही' आलं, तर हातातलं क्रीचर हातातच ठेवायचं आणि मना दुसरीकडे वापरायचा. टेबलावर तीन क्रीचर असताना चौथं उतरवून तू त्याचा मृत्यू फार तर एका टर्नने जवळ आणतोस, पण व्हर्डिक्टची किंमत एका अख्ख्या कार्डाने वाढवतोस.

तुझ्या लिहिण्यातली आणखी एक गोष्ट खटकली. 'त्याने जायंट काउंटर केला नाही, मला वाटलं त्याच्याकडे काउंटर नाहीये.' (काउंटर म्हणजे टाकलेलं कार्ड उतरण्याआधीच अडवणं.) अरे, तीन लँड उघड्या ठेवून बसलेला माणूस ४/३ क्रीचर गुपचूप येऊ देतो, तेव्हा एकदा तरी शंका यायला हवी. कदाचित आयडोलॉनचे २ डॅमेज टाळले असतील. पण बहुतेक वेळा अर्थ असा असतो की पुढच्या टर्नला सगळंच झाडून टाकायचंय, मग एकासाठी काउंटर का वाया घालवा? मी स्वतः असंच करायचो आणि वर चेहरा पाडून 'ठीक आहे, येऊ दे' म्हणायचो.

याची उलट बाजूही आहे, नाहीतर तू पुढच्या रविवारी सगळी कार्डं हातातच धरून बसशील. तो तिसऱ्या लँडवर अडकला, तर विचार न करता ओत सगळं. चार लँड नसतील तर व्हर्डिक्ट नाही, आणि अशा वेळी शिस्त पाळत बसलास तर त्याला लँड शोधायला वेळ मिळतो. जास्त वेळ गेला तर जिंकणार तोच, कारण 'मेमरी डेल्यूज' सारख्या कार्डांवर तो तुझ्यापेक्षा जास्त आणि चांगली कार्डं बघतो. प्रत्येक कार्डाला घाबरून खेळणारा लाल डेक मी वाशीत खूप पाहिलाय. तोही हरतो, फक्त सावकाश.

आता तेफेरी. 'हिरो ऑफ डोमिनेरिया', २०१८ चं कार्ड, पाच मनाचं. हा प्लेन्सवॉकर: दर टर्नला त्याची एक क्षमता वापरता येते, प्लसने त्याची लॉयल्टी वाढते, मायनसने घटते, डॅमेजनेही घटते, आणि शून्य झाली की तो जातो. तू लिहिलंस की तेफेरी आला की हात-पाय गळतात. त्याची मेख अशी: प्लस वापरला की तो एक कार्ड ओढतो, आणि त्या टर्नच्या एंड स्टेपला (टर्न संपतानाच्या टप्प्याला) दोन लँड अनटॅप करतो. म्हणजे पाच लँडवर पाच मना खर्चूनही तुझ्या टर्नला काउंटरसाठी दोन लँड तयार. बहुतेक लाल खेळाडू आपल्या टर्नची वाट बघतात आणि त्या दोन लँडवर आपटतात.

वाट बघू नकोस. एंड स्टेप सुरू झाली की तेफेरीचा ट्रिगर (लँड अनटॅप करणारा परिणाम) स्टॅकवर, म्हणजे रांगेत जातो, आणि तो रिझॉल्व्ह होईपर्यंत, म्हणजे अमलात येईपर्यंत, त्याच्या पाचही लँड टॅपच असतात. ती तुझी खिडकी. 'तुझा ट्रिगर स्टॅकवर आहे ना? रिस्पॉन्स' असं स्पष्ट म्हण आणि लाइटनिंग स्ट्राइक टाक, लागलं तर वर प्ले विथ फायर. ३ आणि २, पाच लॉयल्टीचा तेफेरी गेला, अडवायला त्याच्याकडे मना नाही. अर्थात त्यासाठी त्याच्या टर्नला तुझ्या तीन लँड उघड्या हव्यात, आणि जायंट हातात ठेवला की त्या आपोआप राहतात. उलट त्याने मायनस वापरून तुझं क्रीचर लायब्ररीत (कार्डं ओढायच्या गड्डीत) वरून तिसऱ्या जागी घातलं, तर तेफेरी १ वर उरतो, मग एक प्ले विथ फायर पुरे.

बर्न (थेट डॅमेज देणारी कार्डं) तेफेरीवर की तोंडावर? त्याचं उरलेलं लाइफ हातातल्या बर्नने आणि एका हल्ल्याने संपत असेल तर तेफेरीकडे बघू पण नकोस. नसेल तर आधी तेफेरी. मी याहून बारीक हिशेब करत नाही.

'वाँडरिंग एम्परर' या त्याच्या दुसऱ्या, चार मनाच्या प्लेन्सवॉकरबद्दल एवढंच: चार लँड उघड्या ठेवून त्याने टर्न पास केला तर ती येणार असं धरून चाल. ती हल्ल्याला आलेलं टॅप क्रीचर एक्झाइल करते (खेळातून काढून टाकते), म्युटाव्हॉल्टसुद्धा. त्या टर्नला म्युटाव्हॉल्ट घरी, स्वस्तातलं क्रीचर पुढे.

साइडबोर्ड (दोन गेमच्या मध्ये डेकमध्ये बदलायची राखीव कार्डं) बघून मात्र हसू आलं, रागावू नकोस. चारही 'रेंडिंग व्हॉली' आत घेतोस, कारण कार्डावर 'पांढरं किंवा निळं' लिहिलंय आणि ते काउंटर होत नाही. पुढचा शब्द वाच: क्रीचर. त्याच्या डेकमध्ये क्रीचर आहेत कुठे? एम्पररचा सामुराई टोकन आणि 'शार्क टायफून'चा शार्क. त्या दोघांसाठी चार कार्डं म्हणजे मिसळीसाठी रांगेत उभं राहून नुसता पाव घेऊन परत येणं. फक्त क्रीचरला मारणारी सगळी कार्डं बाहेर. आत काय? 'रॉइलिंग व्होर्टेक्स' दोन, आणि 'चंद्रा, टॉर्च ऑफ डिफायन्स', हीही प्लेन्सवॉकर. (चांड्रा म्हणणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. मॅजिकमधल्या भारतासारख्या जगाची, कालादेशची पोरगी आहे, चंद्राच म्हणायचं.) तिला व्हर्डिक्ट हात लावत नाही आणि ती दर टर्नला एकतर कार्ड देते नाहीतर २ डॅमेज. त्याने व्हर्डिक्टसाठी सगळ्या लँड टॅप केल्या की लगेच पुढे येणाऱ्या तुझ्या टर्नला चंद्रा यायला हवी. तो टर्न जायंटवर खर्च केलास तरी चालेल, पण वाया घालवू नकोस, कारण एवढा उघडा तो परत सापडत नाही.

दुसऱ्या गेमपासून 'टेंपररी लॉकडाउन' येऊ शकतं. तीन मना, आणि २ किंवा कमी किमतीचं टेबलावरचं सगळं, लँड सोडून, एक्झाइल. तुझ्या डेकसाठी ते व्हर्डिक्टपेक्षा वाईट, कारण एक टर्न आधी येतं. पंचाईत अशी की लॉकडाउनसमोर जायंट टेबलावर हवा आणि व्हर्डिक्टसमोर हातात. माझा अंदाज पुढच्या टर्नला त्याच्या किती लँड होणार यावर चालतो: तीन होणार असतील तर लॉकडाउनला घाबर, चार किंवा जास्त तर व्हर्डिक्टला. चुकतो कधी कधी.

वेळेचंही बघ. ५० मिनिटांची फेरी आणि समोर कंट्रोल, म्हणजे तिसरा गेम अर्धवट राहणं नेहमीचं. मीही एकदा अशाच एका स्पर्धेत, जिंकत असताना, समोरचा दोन लँडकडे बघत बसला म्हणून बरोबरीवर अडकलो, आणि लाजेपोटी जजला बोलावलं नाही. जजला बोलावणं म्हणजे तक्रार नव्हे. 'जरा बघता का, खेळ हळू चाललाय' एवढंच म्हणायचं असतं.

आणि सरावाचं: आठ दिवस त्याचा डेक तू खेळ. कार्डं विकत घ्यायला नकोत, जुन्या लँडवर कागदाची चिठ्ठी लावून स्लीव्हमध्ये घाल, घरच्या सरावाला कोण विचारतंय. मी माझ्या भावाला लाल डेक देऊन असा बसलो होतो. तिसऱ्या दिवशी तो जायंट हातात धरून नुसता म्युटाव्हॉल्टने मारायला लागला आणि मला पहिल्यांदा कळलं की व्हर्डिक्ट हातात असूनही काही करता येत नाही तेव्हा कसं वाटतं.

राहता राहिलं कॅव्हर्न. ती लँड एक क्रीचर टाइप निवडायला लावते आणि तिच्या मनाने टाकलेली त्या टाइपची क्रीचर काउंटर होत नाहीत. तुझे टाइप बघ: स्विफ्टस्पिअर आणि मेज ह्यूमन, आयडोलॉन स्पिरिट, जायंट जायंट. ह्यूमन निवडलंस तर एक मनाची दोन कार्डं वाचली, जी तो तसाही काउंटर करत नाही. बर्नसाठी त्याचा लाल मनाही मिळणार नाही. आणि टेबलावर आल्यावर व्हर्डिक्टपासून ते कोणालाच वाचवत नाही. ते पैसे चंद्रासाठी ठेव. माझ्याकडे एक चंद्रा जादा आहे, येत्या रविवारी आणतो. कोपरखैरणेला चढणार असशील तर कळव, मी ठाण्याहून त्याच गाडीत असेन. पत्ते मांडायला जागा मिळाली तर जाता जाता तुझा दुसरा गेमही बघू, त्यातली पहिली सात कार्डं ठेवायला नको होती असं मला वाटतंय.