चौथ्या वेळची ओळ

प्रिय पोरी,

परवा तुझी लावणीची बैठक मागे बसून ऐकली. गळा तयार झालाय, तालालाही पक्की आहेस. पण ‘आज तरी सांगा सख्या, मन कुठं ठेवून आला’ या ओळीवर तू सगळ्यांकडे बघून हसलीस, शिट्टी आली आणि तू पुढच्या ओळीवर गेलीस. तेव्हापासून जिवाला चैन नाही, म्हणून लिहितेय.

अगं, त्या ओळीतली बाई कुठं आहे ते बघ. रात्र अर्धी सरलीय, दिवा बारीक केलाय, तिचं डोकं त्याच्या दंडावर आहे. किती वर्षं तो येतो आणि जातो; घर त्याचं दुसरीकडं. भांडून झालं, रुसून झालं. उजेडात विचारायचा धीर होत नाही, म्हणून ती इतक्या जवळ असताना विचारतेय. शेजारच्या माणसाला कोणी ओरडून विचारतं का? खडी लावणी तमाशाच्या फडात, उभ्यानं, ढोलकीवर होते, तिथं शेवटच्या माणसापर्यंत पोचावं लागतं. बैठकीत तबला-पेटी असते आणि ऐकणारा हातभर अंतरावर. आवाज निम्म्यावर आण.

बैठकीची लावणी गाणाऱ्या वाईच्या यमुनाबाई वाईकर (पद्मश्री मिळाली २०१२ साली, वयाच्या नव्वदीनंतर) बसल्या जागी एकच ओळ परत परत घ्यायच्या, आणि दर वेळी निराळं काही निघायचं. अदा म्हणतात ती हीच. तूही ही ओळ चारदा घे. पहिल्यांदा लाडानं. दुसऱ्यांदा रागानं, पण राग डोळ्यांतच ठेव. तिसऱ्यांदा भीतीनं, कारण आता तो खरंच उत्तर देईल. चौथ्यांदा ‘सख्या’वर थांब. तबलजी ठेका धरून राहील. दौलतजादा करणारा, पैसे उधळणारा हात तिथं वर उठता कामा नये.

राम जोशी, होनाजी, परशराम, प्रभाकर… बाईच्या तोंडी घालायच्या लावण्या रचणारे हे बहुतेक पुरुषच. शब्द त्यांनी फार सुंदर दिले. पण विचारून झाल्यावर बाई जी गप्प होते, ते त्यांना लिहिता आलं नाही. ते आपल्याला गावं लागतं.

मलाही हे कोणी शिकवलं नव्हतं. एक माणूस सहा वर्षं यायचा. एका रात्री मी विचारलं, “आपलं हे काय चाललंय?” त्यानं माझा हात हातात घेतला आणि एकेक बांगडी मोजत राहिला. अकरा होत्या. बारावी त्याच्याच हातून फुटली होती, आधीच्या भांडणात. “बारा पाहिजेत ना?” एवढंच म्हणाला. मी त्याच्यावर रागावले नाही, आणि ते मला रागापेक्षा जड गेलं. पुढच्या बैठकीत ही ओळ आली तेव्हा चौथ्या वेळी माझा आवाजच फुटला नाही. तबलजी म्हातारा होता, जाणता होता. ठेका सोडला नाही त्यानं.

रविवारी दुपारी ये. साथीदार नकोत. पेटीवर मी सूर धरीन, तू फक्त चौथी वेळ म्हणून दाखव.

तुझी,
अक्का