परदेशात वजनाचं ऑपरेशन: तिकीट काढण्याआधी

वजन कमी करण्याचं ऑपरेशन परदेशात जाऊन करावं का, असं तुम्ही विचारलंत म्हणून मनापासून सांगते, पॅकेजची किंमत सगळ्यात शेवटी बघा. आधी घराजवळचा असा सर्जन शोधा, जो परतल्यावर तुम्हाला तपासायला तयार असेल. दुसरीकडे झालेल्या ऑपरेशनची जबाबदारी घ्यायला बरेच डॉक्टर कचरतात, आणि गरज नेमकी तेव्हाच पडते.

स्लीव्ह नावाच्या वजनाच्या ऑपरेशनमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात. उरलेल्या भागाच्या शिवणीतून गळती झाली, तर ती कधी कधी घरी पोचल्यावर, दुसऱ्या आठवड्यातही उघडकीला येते. ताप, छातीत धडधड, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखणं, यातलं काहीही जाणवलं तर थेट इमर्जन्सीत जा. मेसेजच्या उत्तराची वाट बघत बसू नका!

लांबच्या विमानप्रवासात पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, म्हणून परतीची तारीख ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला ठरवू द्या, एजंटला नाही. त्या सर्जनशी स्वतः बोलल्याशिवाय पैसे भरू नका. निघताना ऑपरेशनचा पूर्ण अहवाल मागून घ्या. व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या तर आयुष्यभराच्या.

घरी परतल्यावर बघणारा डॉक्टर आधी मिळत नसेल, तर माझ्या मते अजून जाऊ नका.